शिंगात आणि पितळेत फट

कल्याण, कार्तिक वद्य षष्ठी, शके १८०४

धाकट्या गोपाळानं आज सुरीची मूठ एका दुपारीत बसवली. माझं मन घेत नाही. पात्याच्या बुडाशी पितळेची गोलवट पट्टी असते. तिला शिंगाची मूठ भिडवायची म्हणजे पितळेला काजळ लावायचं, शिंग टेकवायचं, काळं उमटेल तिथे कानस मारायची, की पुन्हा टेकवायचं. मला दोन दिवस लागतात. आणि याला एक दुपार?

मूठ उजेडाला धरली. जोडातून रेघसुद्धा दिसेना. म्हणजे फटीत लाख भरली असणार. दुसरं काय? विचारलं तर हसला. "दादा, विश्वास नसेल तर बघ की तपासून." हसला कशाला?

तो तळ्यावर गेल्यावर तपासलंच. मूठ कढत पाण्यात धरली. लाख असती तर मऊ होऊन बाहेर आली असती. काही आलं नाही.

मग आठवलं, कढत पाण्यात शिंग वाकतं! वाकडी शिंगं आम्ही तशीच तर सरळ करतो. मला एवढंही सुचू नये? पुन्हा उजेडाला धरली. आता रेघ होती. केसाएवढी, पण होती.

ठाण्याचं गिऱ्हाईक सकाळीच येणार. काय करू? लाख तापवली आणि त्या फटीत भरली. मीच.

आत्ता गोपाळ आला. मूठ उचलली, पण उजेडाला धरलीच नाही. नुसती हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

"दादा, ही अजून ऊन कशी?"