इस्तीर आत्याचं पान

शुब्रा, कैरो
१६ नोव्हेंबर २००८

प्रिय इस्तीर आत्या,

तुझ्या मनगटावरच्या गोंदलेल्या क्रुसाला ओठ लावून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तू पाठवलेली वाळकी भेंडी नाताळच्या उपवासाला राखून ठेवलीय. आम्ही खुशाल आहोत.

खरं तर फोनच करणार होतो. तीनदा लावला आणि तुझं "कोण रे मेलं बोलत नाही?" ऐकून ठेवून दिला. तो मेला मीच.

गुरुवारी दिमयाना नावाची मुलगी तुझ्याकडे येईल. आपल्याच चर्चमधली, विद्यापीठात शिकते. मयताच्या घरी तू आणि इतर बायका म्हणायच्या ती शोकगीतं तिला हवीत. आमच्या वेळी वारं उलटं होतं. रविवारच्या शाळेत शिकलेले आम्ही तरुण चर्च सुधारायला निघालो होतो. तुझं गाणं बंद करताना पाद्री अबूना तादरुस म्हणाले होते, "पुनरुत्थान मानणाऱ्यांना ही रडगाणी कशाला? पाप आहे ते." आणि आता त्याच चर्चमधल्या मुली विचारतात, आमच्या आज्या देवाशी कशा बोलत होत्या? चर्च बदललं, तसे इतिहासाला विचारायचे प्रश्नही बदलले.

तिच्या हातात माझं पुस्तक असेल. आपल्या गावच्या चर्चचा इतिहास. तुझ्या उशाशी असतं तेच.

त्यासाठी सात दुपारी तू माझ्या टेपसमोर गायलीस. म्हणालीस, "वद्या, सगळं लिही हं. चर्चच्या पुस्तकात आलं की मी पापीण नव्हते हे ठरेल."

आत्या, पुस्तकात तुझं गाणं नाही. नावही नाही. 'या गावातील ख्रिस्ती स्त्रियांत शोकगीतांची प्रथा कधीच नव्हती,' असं मी लिहिलंय. कुणी माझा हात धरला नव्हता. अबूनांनी शाबासकी द्यावी, सुशिक्षितांनी हसू नये, एवढ्यासाठी लिहिलं. आता सगळे तेच वाक्य पुरावा म्हणून देतात. दिमयानाचा मात्र त्यावर विश्वास नाही.

मग छापलेलं पुस्तक घेऊन आलो त्या दिवशी भरल्या अंगणात मी काय वाचलं, असं विचारशील. तुला अक्षरओळख नाही. तू पुस्तक पुढे केलंस, म्हणालीस, "माझं पान वाच." मी मधलंच एक पान उघडलं. तुझं गाणं मला पाठ होतं, तेच म्हटलं. शेवटी 'यात पाप नाही' असंही पदरचं जोडलं. माझ्या डोळ्यांपुढे घंटाघराच्या दुरुस्तीची हकिकत होती. तू त्या पानाचा मुका घेतलास. वीस वर्षं झाली, मला त्या अंगणात मान वर करून बसता आलेलं नाही.

दिमयानाने ते पान उघडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहितोय. तिच्यापुढे तुला हवं तर गा, नको तर गाऊ नकोस. पण हे खोटं कुणी लिहिलं असं तिने विचारलं, तर भावाचा मुलगा म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस.

पोरी यूस्तीना, तू हे आजीला मोठ्याने वाचत असशील. तिचा चेहरा उतरेल. तरी एक शब्द गाळू नकोस आणि तिला बरं वाटावं म्हणून एकही वाढवू नकोस.

तुझा अपराधी भाचा,
वदीअ