मुलीच्या लग्नात गिटार वाजवण्याची माझी पूर्वतयारी

२ सप्टेंबर, मंगळवार

सेहीचा सोलहून फोन. लग्न ६ डिसेंबरला, दुपारी बारा वाजता, इथेच आपल्या गावच्या हॉलमध्ये. लग्न लावायला कोणी वडीलधारे गृहस्थ बोलवायचे नाहीत म्हणाली, हल्ली कोणी बोलवत नाही. त्याऐवजी बाबा, तुम्हीच तीन मिनिटं बोला. मी हो म्हणून बसलो.

फोन ठेवल्यावर हिशोब केला. तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी सेकंद. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी नऊ सेकंद बोललो होतो. सगळ्यांचे आभार, जाताना दिवे बंद करा.

सायंकाळी तोडगा सुचला. बोलायचंच नाही. गिटार वाजवून गाणं म्हणायचं. हातात तीन महिने आहेत. तारा सहा. महिन्याला दोन तारा शिकल्या तरी पुरे. गणित सोपं आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

गिटार आणली. दुकानदार नवशिक्यांची दाखवत होता. मी तिच्या वरची घेतली. नवशिकेपण आठ-पंधरा दिवसांत संपेल, मग पुन्हा दुकानात कोण येणार.

बायकोला एवढ्यात कळता कामा नये. गिटार बंद गॅलरीत किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, फ्रीजमागे ठेवली. ओक-हीने विचारलंच, पिशवीत काय आहे. मासेमारीचा गळ म्हणालो. गळाला कंबर कधीपासून फुटली, असं म्हणून ती भाजी निवडायला गेली. काहीही संशय आलेला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

वस्तीच्या केंद्रात दुसऱ्या मजल्यावर पहिला क्लास. अकरा बायका आणि मी. शिकवणाऱ्या प्यो बाई बहात्तर वर्षांच्या आहेत. माझा हात बघून म्हणाल्या, ग्वाकसाहेब, डाव्या हाताची नखं आधी कापून या, त्या हातानं तारा दाबायच्या आहेत, खाजवायच्या नाहीत.

रोज पंधरा मिनिटं, असा त्यांचा आग्रह. जास्त नको, पण रोज. मी तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली. सुट्या कामात किती वेळ वाया जातो ते मला माहीत आहे. पंधरा गुणिले सात, एकशे पाच मिनिटं. रविवारी एकदम करणार.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी १०.०० – सरावाला सुरुवात.

१०.१८ – सराव समाप्त. बोटांची टोकं लाल. उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं पुढच्या रविवारात मिळवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

जी कॉर्ड येते. सी कॉर्डही येते. जीवरून सीवर जाता येत नाही. दोन्ही गावं माहीत आहेत, मधला रस्ता नाही. बाई म्हणाल्या, उजवा हात मांडीवर ठेवा, वाजवूच नका, नुसती बोटं जीवरून सीवर आणि सीवरून जीवर न्या, दोनशे वेळा. न वाजवता गिटार शिकवणारी ही पहिलीच बाई.

शिवाय माझी गिटार बर्र करते. बाई म्हणाल्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये नका दाबू, पट्टीला अगदी खेटून दाबा. मी मधोमधच दाबतो, कारण मधोमध ते मधोमध. माझ्या मते मालात दोष आहे. बाईंनी तीच गिटार घेऊन वाजवली, तेव्हा दोष दिसला नाही. असे दोष अधूनमधून दिसणारे असतात. कारखान्यात आम्ही त्यांना फार घाबरायचो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी पावणेअकराला घरातल्या भोंग्यावर सोसायटीची घोषणा झाली. सहाव्या-सातव्या मजल्याच्या आसपास कोणीतरी रोज लोखंडी कपाट ओढत आहे, तरी शेजाऱ्यांचा विचार करावा.

अगदी योग्य घोषणा. मला वरच्या ८०३ मधल्या जोडप्याचा संशय आहे, मुलं लहान आहेत त्यांची. आवाज मी ऐकलेला नाही, पण रविवारचं सोडून आता मी रोजच त्या वेळी सराव करत असतो. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली. 'कृपया शेजारधर्म पाळा. काही घरांत संगीताची साधना चालू आहे. – ७०३.'

संध्याकाळी खाली पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलं होतं, 'हो, आम्हाला फार चांगलं माहीत आहे. – ६०३.' म्हणजे खालच्या मेंग काकू आपल्या बाजूच्या आहेत. बरं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

चुसक. सणाला थोरल्या भावाकडे गेलो. पितरांना ताट वाढलं. सराव नाही. पितरांची शांतता महत्त्वाची.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सणाची सुट्टी, क्लास नाही. सराव नाही. पोट जड.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गाणं ठरलं. ते जुनं होडीवाल्याचं. सेही लहान असताना आजोळी जाताना गाडीत मी हेच म्हणायचो. घाटात तिला हमखास उलटी व्हायची. म्हणजे गाण्याशी तिच्या आठवणी निगडित आहेत.

घोडं अडलंय ते एफवर. गाण्यात एफ कॉर्ड चार वेळा येते. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकून दाबायचं, आणि उरलेल्या बोटांनी वर आणखी कामं करायची. बाई म्हणाल्या, बोट सपाट नको, जरासं कडेवर वळवा, अंगठा मागे मधोमध ठेवा, जोर दंडातून येऊ द्या. जोर आला, पण खांद्यात चमक भरली. शेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना आज एफ आली. त्यांची बोटं वयानं मुळातच वाकडी आहेत, हा फायदा आम्हाला कुठून मिळणार.

निर्णय: एफ काढून टाकायची. ती येईल तिथे थांबायचं आणि भावुकपणे सेहीकडे बघायचं. गाण्यात एकूण चार वेळा बघणं होईल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंनी गिटारच्या दांडीला लावायचा चिमटा दाखवला. तो लावला की सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात. मी विचारलं, मग ही एफच झाली ना, दोन आठवडे लपवून का ठेवलीत. बाईंनी बराच वेळ समजावलं. अकरा बायकांना समजलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ओक-हीला सगळं माहीत आहे. सप्टेंबरपासून माहीत आहे. ती म्हणाली, अहो, दोन महिने झाले, मेंग काकू लिफ्टमध्ये भेटल्या की माझा हात हातात घेऊन धीर देतात, आता मी त्यांना काय सांगू. मग वाजवून दाखवा म्हणाली. वाजवलं. ऐकून झाल्यावर तिनं गॅलरीची खिडकी लावून घेतली.

नंतर जवळ येऊन बसली. म्हणाली, गिटार राहू दे, तीन मिनिटं बोला ना, पोरीबद्दल मनात आहे तेच बोला. मी म्हणालो, गाण्यातून जास्त पोचतं. ती म्हणाली, कुठपर्यंत पोचतं ते सहाव्या मजल्याला विचारा.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बोलायची भीती वाटते. सेही शाळेत पहिली आली तेव्हा मी चष्मा पुसत जा म्हणालो. नोकरीला सोलला निघाली तेव्हा बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होतो, आणि गॅस बंद केलास ना, एवढंच विचारलं. गॅस आमच्याच घरातला होता. ती बिचारी हो म्हणाली. त्या दिवशी मनात पुष्कळ होतं. गिटार हातात असली की निदान तोंड कशासाठी उघडलंय ते लोकांना कळतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाची किमची घालायचा दिवस. चाळीस कोबी, ओक-हीच्या दोन्ही बहिणी, आणि मी. सगळ्यांना गुलाबी रबरी हातमोजे वाटले. मी नाकारले. डाव्या हाताच्या बोटांना आता घट्टे पडलेत, ते मेहुण्यांना दिसायला हवेत. वादकाचा हात आहे, मिरचीला भीत नाही, असं म्हणून मसाल्यात कोपरापर्यंत घातला.

ते घट्टे नव्हते. त्या चिरा होत्या. मीठ आणि तिखट एकाच वेळी आत गेलं. मी ओरडलो नाही असं माझं म्हणणं आहे. तिघी बहिणींचं म्हणणं वेगळं आहे, आणि भोंग्यावरून पुन्हा एक घोषणा झाली.

दुपारभर हात थंड पाण्याच्या बादलीत. धाकटी मेहुणी बादलीवरून जाता-येता विचारत होती, भावजी, मुरायला किती दिवस लागतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

तारेला हात लावता येत नाही. पण विश्रांती हाही सरावच. बोटांना सगळं आठवत असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बोटांना काहीही आठवत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

बाईंना पूर्ण गाणं म्हणून दाखवलं, वाजवण्यासकट. बाईंनी डोळे घट्ट मिटून ऐकलं. कलाकार असाच ऐकतो. मग म्हणाल्या, ग्वाकसाहेब, आता तुम्ही नुसतं गा, मी वाजवते. त्यांनी फोनवर ते टेप करून घेतलं, दोनदा. माझा वेग कुठे कमी-जास्त होतो ते कागदावर लिहूनही घेतलं. माझा इतका बारकाईनं अभ्यास आजवर कोणी केला नव्हता.

ओक-ही मला न्यायला आली होती. चपलांच्या मांडणीपाशी बाई आणि ती हळू आवाजात बोलत होत्या. माझी प्रगती, दुसरं काय.

५ डिसेंबर, शुक्रवार

हॉल बघून आलो. कानात यंत्र घातलेला व्यवस्थापक म्हणाला, काका, तुमची तीन मिनिटं आणि एक सेकंद जास्त नाही, एक वाजता दुसरं लग्न आहे. गिटारच्या माईकचं विचारलं तर म्हणाला, त्याची काळजीच करू नका, ते आमच्याकडे लागलं. कामाचा माणूस आहे.

सेहीचा फोन आला. बाबा, काहीही झालं तरी हात हलवत राहा, असं दोनदा म्हणाली. जावई दोग्यूनंही मागून तेच सांगितलं. पोरांना माझी काळजी आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी ११.२० – हॉलच्या स्वच्छतागृहात. हात कोरडे. सुरात आहे. एफच्या जागी बघणं, चार वेळा.

संध्याकाळी ७.०० – सगळं क्रमानं लिहितो.

दोनशे माणसं होती. मी खुर्चीवर बसलो, जी वाजवली. स्वच्छ लागली. सी लागली. जीवरून सीवर असा गेलो की माझं मलाच खरं वाटेना. एफ आली, ठरल्याप्रमाणे थांबून सेहीकडे बघितलं, आणि एफ वाजली. मला वाटलं, बोटांना आठवलं. दुसरी एफ त्याहून छान. मेहुण्या तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या, मला वाटलं भारावल्या.

तिसऱ्या कडव्यात पुन्हा सेहीकडे बघितलं. पांढऱ्या झग्यात उभी, आणि ओठ हलत होते. माझ्याबरोबर म्हणत होती. प्रत्येक शब्द तिला येत होता. इतक्या उलट्या होऊनसुद्धा.

दोन्ही हात गिटारवरून काढले आणि रुमाल शोधायला लागलो. गिटार वाजत राहिली. मी नाक शिंकरलं. गिटारनं वरच्या सुरात एक सुंदर तान घेतली.

मागच्या रांगेत आधी कोणीतरी हसलं. मग सगळा हॉल. मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझ्या गिटारला माईक नव्हताच. मंगळवारच्या कागदावरून नुसती गिटार टेप करून पाठवलेल्या प्यो बाई स्पीकरवर वाजत होत्या. कट ओक-हीचा, सेहीला ठाऊक, जावयाला ठाऊक, माझ्या मते पितरांनाही ठाऊक असावा. व्यवस्थापक धावत गेला, आवाज बंद झाला. गाणं संपलं, तीन मिनिटांतलं एक मिनिट उरलं, आणि माझ्या तोंडासमोरचा माईक मात्र चालू होता.

सेहीची हसून हसून एक खोटी पापणी निघाली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तीन महिने ज्याच्यापासून पळालो ते समोर उभं होतं, आणि मनात जे पुष्कळ होतं त्यातलं एकही वाक्य पुढे येईना. मी माईकमध्ये म्हणालो, सेही, सकाळपासून काही खाल्लंस का.

तिचं हसणं थांबलं. तिनं मान हलवली, नाही. मग पाच वर्षांची असताना रडायची तशी, तोंड पूर्ण उघडून रडली. ओक-हीही रडली. दोग्यू कारण नसताना माझ्यासमोर कमरेतून वाकला. मी म्हणालो, मग खाऊन घे. आणि जागेवर जाऊन बसलो. व्यवस्थापकानं नंतर सांगितलं, भाषण अकरा सेकंद. माझ्या जुन्या आकड्यापेक्षा दोन सेकंद जास्त.

जेवणाच्या हॉलमध्ये मेंग काकू ताट घेऊन मुद्दाम भेटल्या. म्हणाल्या, आज पहिल्यांदा तुमची गिटार आवडली, तुम्ही हात काढल्यावर तर विशेष.

आता गिटार परत फ्रीजमागे. ओक-ही झोपली आहे, पाय सुजलेत तिचे.

संध्याकाळी ७.४० – मधुचंद्राला निघालेल्या सेहीचा विमानतळावरून मेसेज. 'बाबा, जेवले. पोट भरून जेवले.'

उत्तर काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. पुष्कळ लिहिलं, पुष्कळ खोडलं. शेवटी 'बरं' असं पाठवलं.