व्हॉल्व्ह खुळखुळतो, सबब रिजेक्ट

रविवार, ११ जानेवारी
ठरलं. आजपासून गाडीचं काम स्वतः करायचं.

कारण किशोर मेकॅनिक. गाडी निळा धूर सोडते, ऑइल पिते, म्हणून त्याला दाखवायला नेली. त्याने ऑइलचं झाकण उघडून थेट माझ्या नाकासमोर धरलं. आत पिवळट, बुळबुळीत साय. शी! घरी जेवायला कढी होती. जेवलो नाही.

तो म्हणाला, इंजिनात कोंडलेली वाफ खेचून घेणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो जाम झालाय, नवा टाकू, गाडी दिवसभर ठेवा. एवढं सांगून माझ्याच टायरशेजारी गुटख्याची पिचकारी मारली. गाडी तिथून तशीच काढली.

व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा. जुना ओढून काढायचा, नवा दाबून बसवायचा. व्हिडिओ पाहिला. अर्धाच. पुढे तो माणूस सारखा नाक ओढतो, ऐकवत नाही.

वेळ भरपूर आहे. २२ तारखेला सासूबाईंचं पनवेलला मोतीबिंदूचं ऑपरेशन. उजव्या डोळ्याला चुलीतला जाळही दिसत नाही, डाव्याला अंधुकच, तरी भीतीने टाळत होत्या. छायाने कशीबशी आईला तयार केली. त्यांची अट एकच, जावयाच्या गाडीतून नेनार असाल तर येते, नायतर डोळा हाय तसा राहूंद्या. सगळ्या आळीला सांगून ठेवलंय म्हणे, जावय न्यायला येनार हाय.

छाया म्हणते, गाडी किशोरकडेच द्या, ऐनवेळी काही झालं तर आई पुन्हा तयार व्हायची नाही. बायकांचा टेक्निकल कामावर विश्वासच नसतो.

सोमवार, १२ जानेवारी
ड्यूटीवरून आलो. हात स्वच्छ होते. घाण करवेनात.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. काळ्या तेलात हात घालायचा हा दिवस नव्हे. छायाने तिळगूळ दिला आणि लगेच गाडीचं विचारलं. आजच्या दिवशी तरी गोड बोलायचं!

शनिवार, १७ जानेवारी
व्हॉल्व्ह आणला. घरी येऊन हलवून पाहिला तर आत खुळखुळ.

मी रसायनीच्या कंपनीत क्वालिटीला आहे. सीलबंद डबा कानाशी धरून हलवायचा, खुळखुळला की रिजेक्ट. अख्खे लॉट परत पाठवलेत मी. आणि हा दुकानदार माझ्या हातात आतून सुटलेला माल ठेवतो?

परत गेलो. त्याने दुसरा दिला. तोही खुळखुळला. तिसराही. तो म्हणाला, साहेब, हे सगळे असेच असतात. म्हणजे सगळेच खराब असतात, आणि हा तोंड वर करून सांगतो! देशात क्वालिटी म्हणून काही उरलेलंच नाही. त्यातल्या त्यात कमी वाजणारा घेऊन आलो.

रविवार, १८ जानेवारी, सकाळी
जुना व्हॉल्व्ह काढला. पक्कड लावावी लागली. हात, कोपर, बनियन, सगळं काळं. जुना हलवून पाहिला. आवाज नाही. पूर्वी काय माल बनवायचे!

दुपारी
तोडगा सापडला. नव्याच्या तोंडातून गळती बुजवायचं एमसील थोडं आत दाबलं. हलवला. अजून खुळखुळ. आणखी दाबलं. बंद. पास.

संध्याकाळी
बसवला. गाडी सुरू झाली. कुठून तरी बारीक शिट्टी येते. इंजिन मोकळा श्वास घेतंय. गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. छायाने जमिनीवर पडलेले तेलाचे थेंब दाखवले. जुनी घाण बाहेर पडतेय, असं तिला समजावलं. तिने किशोरचा नंबर मागितला. दिला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी, पनवेल, हॉस्पिटलचं बाकडं
लिहावंसं वाटत नाही.

सासुरवाडीला वेळेवर पोचलो. अंगणात आळीतल्या बायका जमलेल्या. सासूबाई नवं लुगडं नेसून, पिशवी धरून तयार. शेजारच्या गौराबाई गाडी ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या. तेवढ्यात मेहुण्याने, नवीनने, विचारलं, दाजी, काम केलं ते कुठं हाय? म्हणून बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं. जरा ऐकवावं म्हणून हातानेच अ‍ॅक्सिलरेटरची वायर ओढली.

ऑइल मोजायची पट्टी ताडकन उडाली, आणि मागोमाग काळं तेल. निरांजन विझलं. गौराबाईंचं तोंड माखलं. सासूबाईंचं नवं लुगडं पदरापासून काठापर्यंत काळं झालं. त्या घाबरून विचारत राहिल्या, काय झालं रं, मला दिसत नाय. मग त्यांनी स्वतःच पदर चाचपला, हाताचा वास घेतला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, मी येत नाय.

छाया रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आईला घरात नेऊन दुसरं लुगडं नेसवलं, हातापाया पडली, तेव्हा कुठे त्या उठल्या. माझ्या गाडीकडे मात्र फिरकल्या नाहीत. नवीनचा कोंबड्यांचा टेंपो उभा होता, त्यातून निघालो. पुढे नवीन, सासूबाई, छाया. मागे पिंजरे आणि मी. पनवेलपर्यंत तोंडात पिसं. कढीपाठोपाठ चिकनही सुटलं.

सासूबाईंना आत नेल्यावर छायाने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आवाज मोठा करून. तो माणूस नाक ओढत सांगत होता, व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला तर चांगला, नाही वाजला तर जाम झालेला समजा, फेकून द्या, नाहीतर आतला दाब तेल बाहेर उडवतो. बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. एवढी महत्त्वाची गोष्ट कुणी शेवटी सांगतं का?

शुक्रवार, २३ जानेवारी
ऑपरेशन उत्तम झालं. सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, आजी, दिसतंय का? सासूबाईंनी आधी छायाचं तोंड पाहिलं आणि डोळ्यात पाणी आणलं. डॉक्टर ओरडले, रडायचं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं खालपासून वरपर्यंत, सावकाश.

डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्या डोळ्याची तारीख देऊ. त्या म्हणाल्या, दुसरा राहूंद्या, एवढं दिसलं तेवढं बास हाय.

डॉक्टर हसले. छायाही हसली. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती, म्हणून मीही हसून घेतलं.