लॉसची न्याय्य वाटणी

३ मे, सकाळ
सक्करदऱ्याच्या आमच्या ले-आउटमध्ये आठ घरं. सगळ्यांचा मिळून एक मोठा मीटर, घरोघरी छोटे. छोट्यांची बेरीज नेहमी कमी भरते. मधली वीज तारा तापण्यात जाते, तो लॉस. ही अडाणी मंडळी तो आठांत सारखा वाटतात! एकतीस वर्षं वीज कंपनीच्या हेड ऑफिसात बसून लॉसचेच रिपोर्ट लिहिले मी. आता मीच निस्तरणार.

५ मे
फॉर्म्युला तयार. डीपीपासून, म्हणजे वीज आत येते त्या पेटीपासून, घर जितकं लांब, लोड जितका मोठा, तितका लॉस त्याच्या माथी. लोडचा तर वर्ग करायचा: दुप्पट लोड, चौपट लॉस. शुद्ध शास्त्र. गेटजवळच्या डीपीपासून टेपनं मोजलं. माझं घर पहिलं, नऊ मीटर. कांताबाईचं शेवटचं, त्यात तिची पिठाची चक्की. अर्धा लॉस तिचा.

६ मे
कांताबाई रडत आली. म्हणे, साहेब, चक्की बंद पडन माही, पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. मी म्हटलं, विजेला भावना नसतात. मग तिच्या भिंतीचं काहीतरी सांगत बसली. ऐकलं नाही.
बायको म्हणे, आपले दोन-दोन एसी चालून राहिले, त्याचं काय? अगं, नऊ मीटरवर एसीची काय बिशाद! गोपिकाला गणित कधी कळलंच नाही.

९ मे
सेक्रेटरी सुशील म्हणे, एकदा लाइनमन चंपतरावले विचारून घ्या. लाइनमन मला शिकवणार? छट्! सुशील स्वतः मोठ्या मीटरचं रीडिंग घेतो, म्हणून शहाणा समजतो. ते कारकुनाचं काम. मी तो मीटर पाहायलाही गेलो नाही.

१२ मे
सभा. बहुमतानं मंजूर. पाच वर्षं बदल नाही, ही अट मीच घातली. मागाहून रडारड नको.

१९ मे
चंपतराव आला. हसून राहिला होता बेटा. म्हणे, साहेब, गेटवरचा डीपी तर मागच्या पावसाळ्यातच बंद केला. सप्लाय आता मागून येते, मोठा मीटर कांताबाईच्या भिंतीवर हाय.
म्हणजे पहिली ती. शेवटचा मी. दोन एसी आणि वर्गासकट. पाऊण लॉस माझा! सुशीलवर ओरडलो, आधी सांगता येत नव्हतं? म्हणे, तुम्ही ऐकता कुठं.

२४ मे, दुपार
सेहेचाळीस डिग्री. एसी बंद. पाच वर्षांची अट काढून लॉस सर्वांत सारखा वाटावा, असा अर्ज लिहिला. आणखी एका सभासदाची सही लागते. सातही घरं फिरलो. मूर्ख लेकाचे, एकानंही दिली नाही. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून शेवटी गोपिकाला मागितली. तिनं पेन हातात घेतला नाही. कांताबाईकडे कूलरसमोर बसायला गेली.