डावीकडचं नारिंगी टोपरं

दादा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. मीही पाचवीपर्यंतचाच, चुकलं तर चुकलं. तुमची सून, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून मी चेन्नईत असतो, वेलचेरीला, मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर. इथली भाषा मला येत नाही. खाली उतरलो की वॉचमनला हात करतो, तो मला हात करतो, एवढंच बोलणं.

गेल्या रविवारी मुलानं सगळ्यांना मोटारींच्या प्रदर्शनाला नेलं. सहा वर्षांची नात दिसेल त्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. ती मला ताता म्हणते, इथली पोरं आजोबांना तसंच म्हणतात. मुलानं एक निळी गाडी आधीच पक्की केली होती. मागच्या मैदानात ती चालवून बघता येत होती. तो म्हणतो, "अप्पा, तुम्ही बसा. जूनपासून हिला शाळेत तुम्हीच सोडायचं." सूनबाई विक्रीवाल्याला सांगते, यांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय. मुलगा हसून म्हणाला, "आमचे अप्पा डोळे मिटून घाट उतरायचे." मीही हसलो. दिवाळीपासून माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला अंधार धरलाय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डावीकडून कुणी आलं की जमिनीतून उगवल्यासारखं एकदम पुढ्यात उभं राहतं.

तिघं मागे बसले, विक्रीवाला माझ्या शेजारी. गिअर बरोबर पडला, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं फार बरं वाटलं. वळणावर तो ओरडला, "सार, लेफ्ट, लेफ्ट!" खालून काहीतरी खरवडत गेलं. उतरून बघतो तर रस्त्याचं काम चालू असलं की उभं करतात तसलं नारिंगी प्लास्टिकचं टोपरं, चाकाखाली चेपलेलं. "परवाइल्ला सार," तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. नात टाळ्या पिटत होती, "ताता आउट! ताता आउट!" मुलगा म्हणाला, "ट्रकची सवय, अप्पा. ट्रकला असलं काही जाणवतच नाही." सगळे हसले. मला ते दिसलंच नव्हतं, दादा. तिथं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. उभं केलं तर ते नातीच्या छातीइतकं उंच भरलं.

गाडी शिकवताना गगनबावड्याच्या घाटात तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला होतात. "समोरचं काय, म्हशीलाही दिसतं. गाडीवाल्यानं कडा बघायची." त्याच घाटात एकदा तुम्ही मधेच ट्रक थांबवून उतरलात, म्हणालात, "तू घे," आणि परत कधी स्टेअरिंग धरलं नाहीत. मी एकोणीस वर्षांचा. क्लीनरसमोर म्हणालो, "दादा, आता बांगड्या भरा." तुम्ही नुसते डावीकडच्या सीटवर बसून राहिलात. तुम्हाला काय दिसेनासं झालं होतं, हे मी विचारलं नाही.

शनिवारी गाडी घरी येणार आहे. दोनदा मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेईल, पोरगा चांगला आहे. पण मग या घरात माझं काम काय? एक दिवस म्हणेल, अप्पा, तुम्हाला गावीच बरं वाटेल. तिथं आता कुलूप आहे. आणि नाही सांगितलं तर सकाळी शाळेच्या फाटकापुढं पोरं दोन्ही बाजूंनी धावत असतात. अंथरुणावर पडलो की ते खरवडणं ऐकू येतं.

काल सांगितलं, माझं लायसन हरवलं. सूनबाईनं कपाट उपसलं, नात पलंगाखाली शिरली. मुलगा म्हणतो, "काळजी करू नका अप्पा, दुसरं काढू. सोमवारी रजा टाकतो." लायसन माझ्या बंडीच्या आतल्या खिशात आहे, हा कागदही तिथंच जाईल. पोरगी धुळीनं माखून शोधत होती, आणि "त्या कोपऱ्यात नीट बघ गं," असं तिला मीच सांगत होतो.