पैलवानासाठी घर

४ जानेवारी, नांदेड
कुत्रा काढा नाहीतर खोली सोडा — घरमालक नरसिंगकाका असं बोलले म्हणे. आमचे हे, विनोद, खाली त्यांना भेटून आले, तेव्हा सांगितलं. ऐकता ऐकता मी शिवायला घेतलेल्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली!
पैलवानाला पावसाळ्यात विष्णुपुरीच्या रस्त्यावरून उचलून आणला, तेव्हा मागचा पाय मोडलेला, नुसता सापळा. आता उभा राहिला की पुढचे पाय माझ्या खांद्यावर! डॉक्टर म्हणाले होते, "थोडा शेफर्ड, थोडा लॅब्रा, बाकी सगळा आपल्या गल्लीतला." भुंकत नाही. येईल त्याच्या अंगावर रेलून उभा राहतो, अन् हात फिरवेपर्यंत हलत नाही.

८ जानेवारी
सगळ्यांना फोटो पाठवले. "लई गोड हाय," म्हणतात, पण घरी न्यायला कुणी तयार नाही. शेजारची नाजिया दोनदा बघून गेली, पण तिच्या अब्बांना दमा. एकाला गोदामावर साखळीला बांधायला पाहिजे होता. मी नाही म्हटलं. विनोद चिडले — "तुला त्याला द्यायचाच न्हाई!"

११ जानेवारी
उदगीरहून वैजनाथचा फोन. माझा धाकटा भाऊ! आपणहून! "आक्का, मी नेतो त्याला. शेतावर मोकळा राहील. लेकरावानी संभाळतो." फोनवरच रडले.

१५ जानेवारी
वैजनाथ पिकअप घेऊन आला. पैलवान उडी मारून चढला — त्याला वाटलं मीही येतेय. विनोदनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच.

३० जानेवारी
वैजनाथ तोच तो फोटो परत पाठवतो. फोन केला की "झोपलाय", "रानात गेलाय". आज विचारलं, दूध पितो का? "हाव, पितो की."
पैलवान दुधाला तोंडही लावत नाही.

२ फेब्रुवारी, उदगीर
न सांगता आले. शेतावर कुत्रा नाही. भावजय मान खाली घालून भाकरी थापत राहिली. वैजनाथला शपथ घातली तेव्हा बोलला — "जळकोटच्या पुढं सोडला, आक्का. त्याच दिवशी. दाजीच म्हणले, तिला कळू देऊ नको."
"अन् घरमालक?"
"ते काय बी बोलले नव्हते. दाजीलाच नको होता."
म्हणजे तो फोनही विनोदनंच करायला लावलेला. डोक्यावरून फिरवलेला तो हात! नवरा अन् भाऊ, दोघांनी मिळून ठरवलं. आणि मी पिकअपमध्ये त्याचं अंथरूण घालून दिलं.

३ फेब्रुवारी
वैजनाथच्या गाडीवर मागं बसून जळकोटचा रस्ता धरला. त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटो दाखवत हिंडलो. एका फाट्यावर दानम्मा म्हणून म्हाताऱ्या बाईंचं चहा-भज्यांचं हॉटेल, पत्र्याचं. बाकड्याखाली तो! हाक मारायच्या आधीच उठला. असा रेलला की मी खालीच बसले. मग वैजनाथकडं गेला, त्याच्यावरही तसाच रेलला. त्याच्यावर! वैजनाथ रडायला लागला. मला नाही रडू आलं.
दानम्मा म्हणाल्या, "बांधला न्हाई म्या. आपणच राहिला. गिऱ्हाइकं चहाला कमी, ह्यालाच भेटायला येऊन राहिलेत." एकट्याच असतात. "नेणार का लेकी?" विचारताना चुलीकडं बघत होत्या.
"तुमच्याकडंच राहू द्या, मावशी," म्हटलं.

५ फेब्रुवारी
विनोदचा फोन. "ते कुत्रं परत आणू नको."
"न्हाई आणणार."
"शहाणी झालीस! कधी येतीस?"
दानम्मांच्या मागच्या खोलीत चटई टाकून बसले होते, पैलवान पायावर.
म्हटलं, "माझे कपडे तेवढे पाठव."