पहिलीच्या भिंतीवरची फुलं

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या मास्तरीण भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तुम्ही पुन्हा शिडीवर चढलात म्हणे. (गवंडीकाम सोडून चार वर्षं झाली, हे गुडघ्याला कळलंय, तुम्हाला नाही.) मी ठीक आहे. म्हणजे जेवते.

गेल्या महिन्यात आमच्या मोठ्या बाईंना (मुख्याध्यापिका, आवाज असा की घंटेची गरज पडत नाही) वसंत आठवला. इमारत तपासायला साहेब येणार, सबब सगळ्या वर्गांच्या भिंती फुलांनी सजवा, असा हुकूम सुटला. माझ्या पहिलीत सव्वीस मुलं. अंड्यांच्या ट्रेचे खळगे कापून घंटेसारखी फुलं, आणि मुलांचे पंजे कागदावर गिरवून पाकळ्या, असा बेत होता. तासाभरात एकीने स्वतःची बट कापली, दोघांचे तळवे एकमेकांना चिकटले, आणि शिंप्याची मुलगी खळ चाटून म्हणाली, "बाई, मीठ कमी आहे." एका मुलीने पंजाला सहा बोटं काढली. एक पुसू म्हटलं तर रडायला लागली, म्हणून राहू दिलं. तरी शाळा सुटेपर्यंत भिंत अशी फुलली, की मलाच खरं वाटेना. पिठाच्या खळीला मुंग्या लागल्या, त्यांच्या रांगा फुलाफुलांवरून फिरू लागल्या, आणि साहेबांना नेमकं तेच आवडलं. "वा, अगदी जिवंत!" म्हणाले, चहा प्यायले, आणि इमारत सुस्थितीत असल्याची सही ठोकून गेले.

त्या फुलांखाली भेग होती, मामा. फळ्याच्या डावीकडे, वरपासून बाकापर्यंत. भोवतीचा गिलावा फुगलेला. मी तीन अर्ज दिले होते. (तिन्हींवर शेरा : 'पाहिले.') मोठ्या बाई म्हणाल्या, तिथे फुलं जरा दाट लावा.

साहेब गेल्यावर नऊ दिवसांनी, बाराखडी चालू असताना, गिलावा फुलांसकट खाली आला. आवाज फारसा झाला नाही. पोतं टेकवावं तसा. खाली ती सहा बोटांवाली बसली होती. खांद्याचं हाड मोडलं, कानामागे सात टाके पडले. दवाखान्यात मला विचारत होती, आपण फुलं परत लावायची का? तिची आई माझ्या हातांवरच्या चुन्याकडे बघत राहिली.

आता मोठ्या बाईंनी लिहून दिलंय, की भेग नव्हतीच. अर्ज सापडत नाहीत. पहिलीच्या बाईंनी फुलांसाठी खिळे ठोकले, म्हणून भिंत उतरली. (एकही खिळा नव्हता. मुंग्या साक्षीला आहेत.)

मामीला नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. : बुधवारी अकराला चौकशी आहे. हिवाळ्यात तुम्ही माझा विसरलेला डबा घेऊन वर्गात आला होतात, तेव्हा भिंत बोटांनी वाजवून म्हणालात, "पोकळ आहे गं, इथे पोरं बसवू नकोस." ते चौकशीत सांगाल का? दुसरीच्या वर्गाची भिंतही तशीच वाजते. मी काल वाजवून पाहिली. तिथे एकतीस मुलं बसतात.

पुन्हा ता. क. : वर एक खोटं लिहिलंय. मोठ्या बाईंनी फक्त भिंत सजवा म्हटलं होतं. भेग झाकायचं मीच ठरवलं. साहेबांसमोर माझा वर्ग वाईट दिसायला नको होता. जबाबात आज तसं लिहून दिलं. तुम्ही बोललात, तर मला आधीच बजावलं होतं हेही सगळ्यांना कळेल. तरी या.